तात्यारावांचा नेम

कोर्टाबाहेरच्या बाकावर माझ्या शेजारी एक वकीलबाई आपल्या साठीच्या अशिलाला पढवत होत्या.

“तात्याराव, तुमच्या फाटकासमोर गाडी लावणाऱ्या त्या सॉफ्टवेअरवाल्याच्या दिशेनं तुम्ही हेल्मेट फेकलंत. खुनाच्या प्रयत्नाचं कलम लागलंय.”

“त्याला साधा ओरखडाही नाही, मग कसलं कलम?”

“हे कलम जखमेवर नाही, हेतूवर ठरतं. जीव घ्यायचा होता का?”

“छे हो! नुसतं घाबरवायचं होतं.”

“उत्तम. म्हणजे हेल्मेट भिंतीवर फेकलंत.”

“भिंतीवरच.”

“आणि त्याच्या डोक्यावरून गेलं, ते नेम चुकला म्हणून.”

“नेम चुकला म्हणायचं नाही! ऑफिसच्या क्रिकेट संघात पंचवीस वर्षं खेळलोय मी.”

“मग ते त्याच्या डोक्यावरून गेलं कसं?”

“ऐन वेळी वाकला ना तो!”