कागद कमी करण्याचा कागद

(परभणी. एका युवक संघटनेचं जिल्हा कार्यालय. टेबलामागं जिल्हा चिटणीस दत्तराव. समोर झरीचा मुलांचा गट चालवणारी रेणुका आणि गटातल्या साक्षीची आई कुसुमबाई.)

दत्तराव : तसं नव्हे रेणुकाताई, मुद्दा समजून घ्या. पूर्वी अकरा फॉर्म होते. आता एकच आहे.

रेणुका : चौतीस पानांचा.

दत्तराव : पण एक! समितीला कपात करायची होती ती फॉर्मच्या संख्येत. पानांचा विषय समितीच्या कक्षेत येत नाही.

कुसुमबाई : ताई, कोन्ती समिती मनायलेत साहेब?

रेणुका : कागदकपात समिती, मावशी. आमच्यासारखे फुकट काम करणारे लोक कागदाला कंटाळून सोडून जायलेत, मनून कागद कमी करायला नेमली. सरच अध्यक्ष हायेत तिचे.

कुसुमबाई : चांगलं केलं की मग.

दत्तराव : बघा, पालकांना पटतं. नऊ बैठका झाल्या, बाई. अहवाल एकशे चौदा पानी आहे.

रेणुका : आन तो वाचला मनून आमी पोच द्यायची. तीन प्रतीत.

दत्तराव : पूर्वीच्या नियमानं पाच द्याव्या लागल्या असत्या. ते असो. तुमची वेळबचत नोंदवही अजून आली नाही.

कुसुमबाई : आता ही कशाची वही?

रेणुका : नव्या फॉर्मनं माझा रोज किती वेळ वाचायलाय, ते रोज लिवायचं. मिनिटात. लिवायलाच अर्धा तास जातो.

दत्तराव : त्याशिवाय वरिष्ठांना कसं कळणार, तुमचा त्रास कमी झाला म्हणून?

रेणुका : मला इचारा ना. मी ही काय, समोरच बसले.

दत्तराव : तोंडी माहिती ग्राह्य नाही.

रेणुका : सर, शनवारी सकाळी वीस लेकरं घेऊन राणीसावरगावला शिबिराला निघायचंय. दोन दिवसांचं शिबिर. टेम्पो ठरलाय, सैपाकाला मानसं ठरलीत. एकोणीस परवानग्या तुमी मंजूर केल्या. एकट्या साक्षीची अडवून ठेवली. आमी तेवढ्यासाठी आलोत. आज बुधवार हाय.

कुसुमबाई : साहेब, माझा सासरा दोन वर्सं न्हाईच मनला. पोरीची जात, भाईर मुक्कामाला धाडायची न्हाई. औंदा कसा तरी हो मनलाय. ह्यो शनवार हुकला तर पुन्यांदा त्याच्या तोंडून हो निघंल का, मला भरवसा न्हाई.

दत्तराव : अडवली नाही, बाई. शेरा पडलाय. वाचून दाखवतो. 'पान एकोणीस, रकाना चार. सदर पालकाने मागील वर्षी गटनोंदणीवर अंगठा लावला आहे. यंदा सही आढळते. तफावत. खुलासा घ्यावा.'

कुसुमबाई : तफावत मंजी?

रेणुका : मंजी तुमी त्या तुमीच का, असं इचारायलेत.

कुसुमबाई : अवो, मी न्हाई तर मग हितं काय भूत येऊन बसलंय?

दत्तराव : तसं कोण म्हणतं? अंगठ्याची बाई वेगळी आणि सहीची बाई वेगळी असू शकते, इतकंच शेऱ्याचं म्हणणं आहे.

कुसुमबाई : तसं बगितलं तर ते खरं हाय, साहेब. अंगठ्याची बाई येगळीच हुती.

दत्तराव : म्हणजे?

रेणुका : सर, गटातल्या हरेक लेकराला मी एक काम दिलं होतं. घरातल्या एका मानसाला सही शिकवायची. साक्षीनं आईला शिकवली.

कुसुमबाई : सा महिने शिकवत हुती. रोज सांजच्याला, भाकरी झाल्यावर. माझा हात धरून. चुकलं की माझ्यावरच वरडायची, मी शाळेत असल्यावानी.

दत्तराव : उपक्रम स्तुत्य आहे. पण त्याची नोंद कुठं दिसत नाही.

रेणुका : कशावर करू नोंद? कागद तर सगळे तुमच्याकडं.

कुसुमबाई : कागदाची कमी न्हाई पडली बगा. ताईनं लय गठ्ठे दिले. एका बाजूनं छापलेलं, दुसऱ्या बाजूनं कोरं. त्याच्यावरच गिरवलं मी.

दत्तराव : कोणते गठ्ठे? रेणुकाताई, रद्द झालेले जुने फॉर्म का?

रेणुका : तेच.

दत्तराव : अहो, ते परत जमा करायचे होते! तो कपातीचा पुरावा आहे. किती कागद कमी झाले हे मोजायचं कशावरून आम्ही?

रेणुका : सर, चार वर्सांत तुमच्या फॉर्मांचा कुनाला फायदा झालेला मी पहिल्यांदा बगितला. तुमाला तेचाबी खुलासा पायजे का?

दत्तराव : तुम्ही चिडू नका. मार्ग आहे. अगदी सोपा. बाईंनी इथं पुन्हा अंगठा लावायचा. मागचा अंगठा, हा अंगठा, जुळला. तफावत मिटली. मी आत्ता शिक्का मारतो.

कुसुमबाई : अंगठा दिला की पोरगी शनवारी जाती?

दत्तराव : जाती म्हणजे काय, गेलीच समजा. हे घ्या, शाईचा पॅड.

रेणुका : मावशी, तुमी म्हनाल तसं.

कुसुमबाई : ...न्हाई.

दत्तराव : काय नाही?

कुसुमबाई : न्हाई देनार अंगठा. पोरगी शिबिराहून यील आन मला इचारीन, आई, तितं काय केलंस? काय सांगू तिला? तुझी सा महिन्याची मेहनत पुसून आले मनू?

दत्तराव : बाई, एका अंगठ्यानं काय बिघडतं? पोरीचं शिबिर जाईल.

कुसुमबाई : जाईन तर जाईन! रडंल माझी लेक, मीबी रडीन. पर शाईत बोट न्हाई घालनार.

रेणुका : झालं मग. सर, हे घ्या. मी सोडला गट. एका ओळीचा राजीनामा हाय, पानं मोजायची गरज न्हाई.

दत्तराव : असा साध्या कागदावर राजीनामा चालत नाही. विहित नमुना लागतो.

रेणुका : द्या नमुना. तो शेवटचा भरते.

दत्तराव : तीच अडचण आहे. अकरातला तेवढाच एक समितीला पूर्ण रद्द करता आला. राजीनाम्याचा.

रेणुका : मंजी आता सोडताबी येत न्हाई?

दत्तराव : नाही. त्यामुळं या वर्षी गळती शून्य आहे. अहवालात ठळक टाईपात दिलंय.

कुसुमबाई : साहेब, एक इचारू? मी तुमच्या म्होरं सही करून दावली तर? मंग तर कळंल का न्हाई, अंगठ्यावाली आन सहीवाली एकच हाय मनून?

दत्तराव : तशी तरतूद... थांबा. परिशिष्ट 'क'. 'समक्ष सही, साक्षीदारासह.' हं. आहे खरी तरतूद.

रेणुका : करा मावशी. हा पेन घ्या.

कुसुमबाई : कुनी मदी बोलू नका. बोललं की माझं अक्षर पळतंय.

दत्तराव : नुसतं नाव चालेल. नवऱ्याचं, आडनावाचं राहू द्या, वेळ जातो.

कुसुमबाई : बोलू नका मनलं ना. पयलं माझं. जागा उरली तर त्येचं... झालं. बगा.

दत्तराव : हं. फॉर्मवरच्यासारखीच आहे. तंतोतंत. आता साक्षीदार.

रेणुका : मी करते.

दत्तराव : तुम्ही अर्जदार. तुम्हाला येत नाही.

रेणुका : मग हितं दुसरं कोन हाय? तुमीच करा. तुमच्याच डोळ्यांदेखत झालीय.

दत्तराव : मी? ताई, तहसीलच्या रेकॉर्डात अडतीस वर्षं काढली मी. शिक्के मारले, शेरे लिहिले. साक्षीदार म्हणून कुठं सही केली नाही. साक्ष दिली की माणूस अडकतो.

रेणुका : मग अडका एकदा, सर. आमी तर चार वर्सं अडकलोच हाओत.

कुसुमबाई : साहेब, तुमी खोटं थोडंच लिवनार हाव? बगितलं तेच लिवायचं. बाई बसली, सही केली.

दत्तराव : ...बगितलं तर खरं. आना तो कागद. लय वर्सांनी वरिष्ठांना न इचारता काही करायलोय मी. हं. केली. हा शिक्का. शनवारी धाडा लेकीला.

रेणुका : थँक्यू, सर. चला मावशी, बस हाय आता. मावशी? काय बगायलात?

कुसुमबाई : थांब गं जरा. साहेब, ही तुमची सही का?

दत्तराव : हो, माझीच.

कुसुमबाई : मग ह्यात तुमचं नाव कुटं हाय?