हनुवटीवरचे तीन ठिपके

नाय म्हणजे नाय! ओरडलास म्हणून काय फ्लेक्स मिळणार नाय, ऋतिक. बस तिथे स्टुलावर — त्या रोलला पाय लावू नको. शनिवारी कॉलेजात तुमच्या पिक्चरचा पहिला शो आहे, माहीत आहे मला, तारीख मीच टाइप केली ना? ‘ओढ्यापलीकडची — एक थरारक भयपट.’ रक्त गळणारी अक्षरं मीच केली, तीन वेळा बदलून. आधी म्हणालास रक्त कमी आहे, मग म्हणालास जास्त झालं, सॉस सांडल्यासारखं दिसतं. केलं ना गुपचूप? मग आज मी बोलतोय ते ऐकून घे. आणि पहिलं मला हे सांग, कॉलेजच्या गेटासमोर फ्लेक्सची दोन दुकानं आहेत, एसीवाली, ती सोडून शहापूरच्या बाजारात या टोकाला माझ्याकडेच कशाला तडमडलास? — राहू दे, नंतर सांग. आधी माझं संपू दे.

बारा वर्षं हेच काम करतोय मी. वाढदिवस, साखरपुडा, भावपूर्ण श्रद्धांजली. फोटो आला की पहिलं काय करतो? साफ करतो. मुरूम, डाग, वण, सगळं पुसायचं, कोणी सांगायला लागत नाय, हात आपोआप जातो. एकदा एका मयताच्या गालावरची चामखीळ पुसली, तर त्याची बायको म्हणाली, हे आमचे नव्हेत! — हसू नको, हसायला नाय सांगितलं. आणि तोंड म्हणशील तर मी कधी अख्खं बघतच नाय. फोटो उघडला की लगेच एवढा मोठा करायचा की स्क्रीनवर एक डोळा मावेल, नायतर अर्धा ओठ. केसाकेसाने कापत पुढे जायचं. तुझ्या पिक्चरच्या त्या म्हातारीचं तसंच केलं. बुबुळं काढली, डोळे पांढरे केले. दात काळे केले, दोन लांब केले. गालांत खड्डे पाडले. हनुवटीवर गोंदणाचे तीन हिरवे ठिपके होते — ते पुसले. तू सांगितलं होतंस? नव्हतंस. डाग वाटले, पुसले.

सकाळी मशीनला लावला. वरून उतरत येतं ना चित्र — आधी केस, मग कपाळ, मग ते पांढरे डोळे. मी चहा पीत होतो, मनात म्हणतो, काय काम केलंय रे धर्मा, पोरं खूश होतील. मग कान आला. ताटाएवढा कान. पाळी मधोमध फाटलेली, दोन तुकडे लोंबतायत. मी मशीन बंद केली. बघ ना, लटकतोय तसाच, खाली सगळा कोरा.

ती पाळी कोणी फाडली माहीत आहे? मी. दोन वर्षांचा असेन, कडेवर होतो, कानातलं दिसलं आणि ओढलं. रक्ताने लुगडं भिजलं तिचं आणि ही बया मलाच गप्प करत होती, तू घाबरलास का म्हणून. कोण म्हणून काय विचारतोस! बाईजा नाव आहे तिचं. तुमी विचारलंत तरी का नाव? माझी आत्या आहे ती. आई मेल्यावर तिनेच वाढवलं मला. — हो, इथल्या शेजारच्या सापगावचा आहे असंच सांगतो मी सगळ्यांना. सांगतो! खर्डीच्या पलीकडच्या वाडीतला आहे मी, झालं समाधान?

आणि तुमी हुशार पोरं! तुमच्यातल्या एका पोरीला, नम्रताला नायतर त्या भूमिकाला, बसवायचं, तोंडाला पीठ फासायचं, झालं भूत. नाय, यांना खरा चेहरा पाहिजे. वाडीत कोणीतरी सांगितलं असेल, ओढ्यापलीकडे एक भुताळी राहते, करणी करते — की यांचे डोळे चमकले. ती तिथे का राहते हे विचारलंत? वाडीतल्या कमळूच्या दोन गाई मेल्या, मग त्याची पोरगी तापाने गेली. दवाखाना कुठे होता जवळ? मग कोणावर तरी ढकलायचं ना. विधवा बाई, माहेरी राहते, कोणाला घाबरत नाय — सापडली! माणसं जमली, मला मधे उभं केलं. चौदा वर्षांचा होतो. कमळू म्हणाला, खरं सांग, ती एकटीच कोणाशी तरी बोलते का? आता बोलायची ती. भात कांडताना बोलायची, कोंबड्यांशी बोलायची, चुलीवर खेकसायची. पण मी काय म्हणालो? ‘हो.’ बस. एवढंच. कोणाशी ते नाय सांगितलं. तिने माझ्याकडे बघितलं, आणि भांडी उचलून ओढ्यापलीकडे गेली. कोणाला शिवी पण दिली नाय. — तू काय माझ्याकडे बघतोस असा? चौदा वर्षांचा होतो म्हटलं ना!

आणि हा फ्लेक्स कुठे लागणार होता? खर्डी स्टेशनबाहेर. दुसरा वाडीच्या फाट्यावर. तुला वाटतं लोक म्हणतील वा, काय पिक्चर. वाडीतले म्हणतील, बघा, आमी सांगत होतो, आता शहापुरात छापून आलं! आता कुठे बायका तिच्या दारात घटकाभर टेकतात. उद्या कोणाचं पोर आजारी पडलं तर दगड घेऊन जातील, दगड! आणि तू कॉलेजात कप घेऊन फोटो काढशील. टेकतात म्हणजे — असं ऐकलंय मी. गेलो नाय. सतरा वर्षांत नाय गेलो. इथून खर्डी किती लांब आहे? दोन स्टेशनं. काय तोंड घेऊन जाऊ? आणि बघ, तिचं तोंड असं करून ठेवलं मीच.

शनिवार-बिनिवार मला सांगू नको. नुसती अक्षरं टाकून देतो, नायतर झाड टाक, घुबड टाक. ती नाय. आता सांग, काय थाप मारलीत तिला? लाडकी बहीणचा फॉर्म म्हणालात? रेशनचं? सरळ सांग. — काय? — परत बोल.

पिक्चरसाठी फोटो, शहापूरला मोठा छापणार, एवढंच सांगितलंत? आणि ती काय म्हणाली? — ‘शहापुरात माझा धर्मा फोटो बनवतो. त्याच्याकडेच ने. तो चांगला करील मला.’

म्हणून गेटासमोरची दुकानं सोडून… आणि केस धुऊन आली म्हणतोस? तुमी न सांगता, स्वतःच? फोटो धर्माकडे जायचा म्हणून?

मोबाइल दे इकडे. मूळ फोटो काढ. मोठा करू नको — अख्खा दाखव.

हसतेय रे ही.

ऊठ. ऊठ म्हटलं ना! मोबाइल इथेच राहू दे, हिचा फोटो आहे तसा छापायचाय, ठिपक्यांसकट; संध्याकाळी घेऊन जा. जा तू. शटर पाडायचंय मला.