विरोधी बाकावरची दोन मिनिटं

आजच्या समारंभाचे सन्माननीय अध्यक्ष, म्हणजे ज्यांच्या मैदानावर आपण दर रविवारी धडपडतो ते आपले मैदानमालक साहेब. आजचे सत्कारमूर्ती, आपल्या लीगचे पंच आणि तिच्या सगळ्या नियमांचे जन्मदाते शिट्टीकाका. त्यांच्या शेजारी बसलेल्या काकू, ज्यांनी इतकी वर्षं स्वतःचा रविवार आपल्याला वापरू दिला. सर्व संघांचे कप्तान. आणि समोर बसलेल्या, गुडघे शाबूत असलेल्या व नसलेल्या माझ्या तमाम खेळाडू बंधू-भगिनींनो,

सर्वप्रथम मी आयोजकांचे आभार मानतो. काकांना निरोप देण्यासाठी माझी निवड का झाली, असा प्रश्न आपल्याला पडला असेल. मलाही पडला. अध्यक्षांना विचारलं, तर ते म्हणाले, "काकांशी तुझ्याइतकं कोण बोललंय?" ही गोष्ट खरी आहे. फक्त ते सगळं बोलणं मी त्यांच्या मागे धावत केलेलं आहे.

नवीन मंडळींसाठी माझी थोडक्यात ओळख. मी बाजारपेठेतल्या दुकानदारांच्या संघातून खेळतो. कॉलेज तिसऱ्या वर्षाला सोडलं. प्रात्यक्षिकाच्या तासाला एका सरांशी वाद झाला. वाद मी जिंकलो, आणि कॉलेज त्यांच्याकडे राहिलं. तेव्हापासून वहिनीच्या झेरॉक्सच्या दुकानात बसतो. ही वहिनीच आमच्या संघाची कप्तान आणि गोलकीपर आहे. गोलमधून तिचा एकच आदेश येतो, "भावजी, तोंड बंद, पाय चालू!" हे दोन्ही एका वेळी जमायला मला फार वेळ लागला.

आता काकांविषयी. काकांचं चष्म्याचं दुकान आहे हे आपण जाणताच. चष्म्याच्या दुकानदाराने पंच व्हावं, हे धाडसच नव्हे काय? दर रविवारी कुणीतरी कडेने ओरडतंच, "काका, चष्मा बदला!" आणि काका खेळावरची नजर न हलवता सांगतात, "दुकान दहाला उघडतं." आजवर त्यांनी यापेक्षा लांब उत्तर दिलेलं मी ऐकलेलं नाही.

मोठ्या मैदानावरचा फुटबॉल वेगळा आणि आपला वेगळा, हे काकांनी आपल्याला शिकवलं. आपण एका बाजूला सहाजण. त्यात किमान दोन बायका हव्यात. चेंडू डोक्याच्या वर उडवायचा नाही, घसरून पायात घुसायचं नाही, आणि मैदानाभोवतीच्या लाकडी फळ्यांवर कुणाला ढकलायचं तर अजिबात नाही. कारण, काका म्हणतात, "सोमवारी सगळ्यांना कामावर जायचंय." जगातल्या कुठल्या नियमपुस्तकात असं कारण दिलेलं असेल? मला तरी वाटत नाही.

पण काकांचं खरं कर्तृत्व म्हणजे आपला पाहुणचाराचा नियम. जुन्या लोकांना आठवत असेल. पूर्वी निळं कार्ड मिळालेला खेळाडू दोन मिनिटं आपल्याच बाकावर बसायचा. तिथे बसून तो बाकीच्यांचे कान भरायचा, आणि दोन मिनिटांत सगळा संघ तापलेला असायचा. काकांनी ठरवलं, यापुढे कार्डवाल्याने विरोधी संघाच्या बाकावर बसायचं. त्यांनी त्याला पाणी द्यायचं, टोमणा मारायचा नाही. आणि पाहुण्याने त्या बाजूला बाहेर गेलेले चेंडू आणून द्यायचे. ज्याच्या पायावर आपण पाय दिला त्याच्याच बाटलीतलं पाणी पिताना माणूस किती वेळ तापलेला राहील? मी राहायचो. पण मी अपवाद होतो.

एकदा तर मी सामन्यानंतर भांडायला थेट काकांच्या दुकानात गेलो होतो. काका म्हणाले, "बस." खुर्चीत बसवलं, नाकावर ती भिंगं बदलायची जड फ्रेम चढवली. "हे बरं दिसतं की हे?" मी म्हणालो, "काका, तो फाउल नव्हता." ते म्हणाले, "बरं. आता हे की हे?" ती फ्रेम नाकावर असताना आवाज चढवता येत नाही, ती घसरते. अर्ध्या तासाने निष्पन्न झालं की माझ्या डाव्या डोळ्याला चांगला जाडजूड नंबर आहे, आणि मी आजवर ज्यांच्यावर आदळलो ते बहुतेक सगळे डावीकडून आले होते. काकांनी चष्मा बनवून दिला, मागे पट्टा लावून दिला. फाउल निम्म्यावर आले. उरलेले निम्मे माझे स्वतःचे होते.

तर या उरलेल्या निम्म्यांमुळे मी इस्पितळाच्या संघाच्या बाकावर वरचेवर पाहुणा असायचो. आणि इथे मला एका खेळाडूचा उल्लेख करावा लागेल. त्यांचं नाव मी घेणार नाही, ते औचित्याला धरून होणार नाही. इस्पितळात त्या रक्त तपासतात, आणि आत्ता तिसऱ्या रांगेत खांबाशेजारी बसल्या आहेत. कृपया मागे वळून बघू नये.

मनगट दुखावल्यामुळे त्या मोसमाच्या सुरुवातीला बाकावरच असायच्या. पाणी द्यायचं काम त्यांच्याकडे होतं. पहिल्या वेळी बाटली पुढे करून म्हणाल्या, "काय केलंस?"

"काही नाही. खांदा लागला."

"त्याचं नाक सुजलंय."

"मग त्याने नाक खांद्याच्या उंचीवर का आणलं?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. रक्ताचा अहवाल चुकीचा आल्यावर बघतात तसं. म्हणाल्या, "पाणी पी. चेंडू बाहेर गेलाय, तो आणायचाय तुला."

सभ्य गृहस्थहो, मी तो चेंडू आणला. त्यानंतर मी बरेच चेंडू आणले. आमच्या संघात अफवा उठली की मी मुद्दाम कार्डं घेतो. ही अफवा मी आज या व्यासपीठावरून फेटाळून लावतो. माझा राग अस्सल होता. तो फक्त सोयीच्या संघाविरुद्ध येत होता.

मग एका रविवारी त्याच बाकावर मी विचारलं, "तुझ्या घरी कधी येऊ?"

"कशाला?"

"तुला माहितीये कशाला."

त्यांनी घड्याळाकडे बघितलं. माझी अजून अर्धी शिक्षा बाकी होती. म्हणाल्या, "ज्याला साध्या खेळात दोन मिनिटं डोकं ताब्यात ठेवता येत नाही, त्याला मी घरी काय म्हणून नेऊ? माझा भाऊ तुला ओळखतो. चांगलाच ओळखतो."

भाऊ म्हणजे इस्पितळाच्या संघाचे कप्तान. रुग्णवाहिका चालवतात. त्यांना आपण सगळेच दादा म्हणतो, कारण दुसरं काही म्हणायची कुणाची छाती नाही. दादा, नमस्कार.

"मग काय करू?" मी विचारलं.

"मोसम संपेपर्यंत एकही कार्ड नको. मग मी घरी सांगते."

"आणि तोपर्यंत फोनवर बोलूया?"

"फोनवर सगळेच शहाणे असतात."

आता माझी कोंडी लक्षात घ्या. भेटायचं तर फाउल करायला हवा. फाउल केला तर लग्न नाही. इकडे आड तिकडे विहीर म्हणतात. इथे तर विहिरीतच पाणी प्यायला मिळत होतं. मी फाउल बंद केले. समोरच्या कडेचा त्यांचा बाक मला नव्या चष्म्यातून स्वच्छ दिसायचा. तिथे आता दुसऱ्याच संघांचे लोक पाहुणे म्हणून बसायचे आणि पाणी प्यायचे. त्यांच्याविषयी मी इथे काही बोलणार नाही.

घरचे घाबरले. मी समोरच्याला "आधी तुम्ही" म्हणतोय हे बघून वहिनीने गोलमधूनच विचारलं, "भावजी, ताप आहे का?" आम्ही लागोपाठ हरलो. मग हळूहळू मला कळलं, की माणसाला न पाडताही त्याच्याकडचा चेंडू काढून घेता येतो. आधी चेंडूकडे बघायचं असतं. ही गोष्ट इतकी वर्षं मला कुणीच कशी सांगितली नाही? काका म्हणतात, ते दर रविवारी सांगत होते. असेल.

आम्ही अंतिम सामन्यात पोचलो. समोर इस्पितळ. बरोबरीत सामना, शेवटची काही मिनिटं. दादा चेंडू घेऊन फळीच्या कडेने आले. मी उभा होतो. मी पुन्हा सांगतो, मी उभा होतो. दादा माझ्यावर आले, फळी वाजली, दादा खाली बसले, आणि काकांची शिट्टी झाली. निळं कार्ड.

माझ्या तोंडात एक वाक्य तयार होतं. चांगलं लांब होतं. ते मी गिळलं आणि चालत जाऊन विरोधी बाकावर बसलो. त्या तेव्हा बदली खेळाडू म्हणून बाकावरच होत्या, त्यांनी पाणी दिलं. आम्ही पाचजण उरलो होतो, तेवढ्यात इस्पितळाने गोल केला आणि ट्रॉफी गेली. सामना संपल्यावर मी फक्त एवढंच विचारलं, "हे कार्ड धरायचं का?" त्या म्हणाल्या, "मला काय विचारतोस? ज्यांनी दिलं त्यांना विचार. नीट विचार."

आपल्या नियमाप्रमाणे कार्ड ज्या पंचाने दिलं त्यानेच, आणि आठवड्याच्या आत, मागे घेतलं तर ते रद्द होतं. दुसऱ्या कुणालाही तो अधिकार नाही. आठवडा आज संपतोय. काका उद्या सकाळी कायमचे मुलीकडे राहायला चाललेत. आज या खुर्चीतून ते उठले की ते कार्ड जन्मभर तसंच राहणार.

म्हणून काका, मी आज भाषणाला हो म्हणालो. तुमच्याबद्दल आदर आहेच, तो वेगळा. पण सगळ्यांसमोर, आवाज न चढवता, मी तुम्हाला विचारतोय. तो फाउल होता का?

काकांनी मान हलवली. म्हणजे हो. होता.

ठीक आहे. अध्यक्ष महोदय, चिठ्ठी मिळाली, मी आटोपतं घेतो. काका, मी ओरडत नाहीये. मला कानाच्या पाळ्यांपर्यंत गरम झालंय, पण मी ओरडत नाहीये. तुम्हाला जे दिसलं ते तुम्ही दिलंत. मी उभा होतो असं मला वाटतं, तुम्हाला वाटत नाही. इतकी वर्षं मी तुम्हाला पक्षपाती म्हटलं, आंधळे म्हटलं, एकदा तर तुमच्या दुकानाच्या पाटीविषयीही बोललो. पण तुम्ही पुढच्या रविवारी मला पुन्हा खेळू दिलंत. कॉलेजने ही सवलत दिली नव्हती. त्यामुळे हे कार्ड माझ्या नावावर राहू द्या. माझी विनंती मी मागे...

काय म्हणालात, दादा? जरा उभं राहून बोला, मागच्यांना ऐकू येत नाही.

दादांचं म्हणणं असं आहे, की... थांबा, मी नीट सांगतो. दादांचं म्हणणं असं आहे की त्यांच्या बहिणीने घरी सांगून झालंय. सामन्याच्या आदल्या दिवशीच. मोसम संपायची वाट न बघता.

तिसऱ्या रांगेतून खुलासा येतोय. "मला बघायचं होतं तुला काकांशी न भांडता बोलता येतं का." बरं.

दादा अजून उभेच आहेत. दादा पुढे म्हणतात, "घरी कळलं म्हणूनच मी रविवारी मुद्दाम अंगावर आलो. म्हटलं, बघू पेटतो का."

म्हणजे मी उभा होतो.

काका, तुम्ही ऐकलंत ना? मी उभा... वहिनी, खाली बस. वहिनी, मला कळतंय तुझं म्हणणं. धक्का त्यांचा असेल तर बाहेर त्यांचा माणूस जायला हवा होता, तर गोल झाला नसता, तर ट्रॉफी आपली. पूर्ण हिशेब माझ्याही डोक्यात झालाय. पण ती ट्रॉफी आता ज्या घरात आहे, त्या घरात मला जायचंय. हात हलवत जातो ते बरं, ट्रॉफी मागायला नको.

आणि काकाही खिशात हात घालतायत. काका, कार्ड मागे घेऊ नका. तुमचा शेवटचा निर्णय होता तो, तो चुकला असं उद्या गावभर नको व्हायला. आजवर शंभरदा फाउल करून मी एकदाही कबूल केला नाही. आज पहिल्यांदा करतो. फाउल माझाच होता. नेमका तोच मी केला नव्हता, हे इथल्या सगळ्यांना माहीत आहे, आणि ते इथेच राहू द्यावं.

काका, काकू, नव्या गावी सुखात राहा. तिथे कुठे लहान मैदान दिसलं तर काका थांबतीलच, तेव्हा काकू, तुम्ही जेवून घेत जा. मैदानमालकांचे, आयोजकांचे, ध्वनिक्षेपकवाल्यांचे आणि इतका वेळ मागे वळून न बघितल्याबद्दल पहिल्या दोन रांगांचे मी मनापासून आभार मानतो. बोलण्याच्या ओघात कुणाच्या पायावर पाय पडला असेल, तर तो चेंडूसाठी गेला होता असं समजून मोठ्या मनाने सोडून द्यावं, ही विनंती. रजा घेतो. दादा, मी खाली उतरतोय, आता तरी वाटेत उभे राहू नका.