बगळा छाप लुंगी

तुम्ही आज मला डिझायनर म्हणता, पण माझं पहिलं काम काय होतं ते ऐका. आणीबाणीचे दिवस होते आणि मी कमर्शियल आर्टच्या शेवटच्या वर्षाला होतो. बाबांनी बजावलं होतं, "चित्रांवर पोट भरत नसेल तर गुमान कापडाच्या लूमवर ड्युटी धर."

भिवंडीतल्या एका शेटने लुंगीवर चिकटवायचं लेबल करायला सांगितलं. गावाकडचं गिऱ्हाईक नाव वाचत नाही, चित्र बघून माल मागतं. म्हणून मी कशेळीच्या खाडीवर जाऊन पक्षी रेखाटत बसायचो. शेवटी बगळा जमला, एका पायावर उभा. कोपऱ्यात बारीक सही केली, तर शेटने ती खोडायला लावली.

"माल माझा, नाव तुझं कशाला?"

लुंगी तुफान चालली. लोक दुकानात 'बगळा छाप'च मागायला लागले.

मग धामणकर नाक्यावरच्या दुसऱ्या एका व्यापाऱ्याने मला बोलावलं आणि तेच लेबल माझ्यापुढे टाकलं. "असाच बगळा पायजे. फक्त तोंड तिकडं फिरव."

मी म्हटलं, "शेट, हा बगळा मीच काढलाय."

"मग सही कुठाय तुझी?"

बाबांनी सांगितलेली लूमवरची ड्युटी आठवली आणि दिला काढून, तोंड फिरवून. त्याने चष्मा लावला आणि दोन्ही बगळे शेजारी ठेवून निरखले.

"ठीक है, चलेगा," तो म्हणाला. "पण असली कारागिराचा हात वेगळाच असतो बघ. त्याच्याकडून शीक जरा."