गाळलेली शिवी

(पोलादपूरच्या डोंगरातली एक वाडी. राहीबाईंची पडवी.)

सुहास : पण काकू, ती शिवीच त्या गाण्याचा जीव होती! तुमच्याच मुलाचं गाणं, आणि तुम्ही बायकांनी त्यातली शिवीच गाळलीत?

राहीबाई : शेजारच्या शकूनं गाळली, मी हो म्हटलं. च्या घे, निवतोय.

सुहास : मी ड्रम थांबवायचो, हर्षद गळ्याच्या शिरा ताणून तो शब्द फेकायचा, आणि समोरची पोरं उसळायची. आमचं पंक रॉक म्हणजे तेच हो. गोडगोड नाही बोलायचं.

राहीबाई : मंग आमी कुठं गोड बोललो? होळी झाली नि झरा आटला. पोलादपुरात कुणी दाद देईना, म्हणून महाडला पाण्याच्या मोठ्या साहेबाकडं गेलो. तो म्हणाला, उद्या या. शकू तिथंच फरशीवर बसली नि हर्षदचं गाणं धरलं तिनं, ‘हंडा रिकामा, नळ कोरडा’. मागनं आमी सगळ्या. हंडे नेलेच होते, ते बडवले.

सुहास : आणि शिवी आली तिथे गप्प बसलात?

राहीबाई : गप कशाला? शिवी दिली तर साहेब दार लावून घेतो. आमाला तो समोर बसलेला हवा होता रे. शिवीच्या जागी त्याचं नाव घेतलं. दर वेळी.

सुहास : त्याचं नाव? आडनावासकट?

राहीबाई : बापाच्याबी नावासकट. दारावर पाटी होती ना! घामानं भिजला बिचारा. पावसाआधी पाईप आले. आता एक दिवसाआड येतं पाणी. उन्हाळ्यात टिकतं का, बघू.

सुहास : हर्षदला हे कळायला हवं होतं. काविळीत पडला होता तेव्हा म्हणायचा, दिवसभर कुरियर वाटून रात्री ओरडलो, पण घरच्यांनी एक गाणं ऐकलं नाही.

राहीबाई : लावलं होतं एकदा गणपतीत, मोबाईलवर. गाय दावं तोडून पळाली. तोच हसत धावला तिच्या मागं. मंग ऱ्हायलंच ते. तो गेल्यावर शकूच्या श्रुतिकानं लावलं. मी म्हटलं, पोरी, हळू कर, शब्द ऐकू दे. त्यात आपला झरा होता, मी डोक्यावर दोन हंडे घेऊन घसरले ती वाट होती. एवढासा होता तेव्हा. मला वाटलं, विसरला असंल.

सुहास : नव्हता विसरला, काकू.

राहीबाई : तू बोल. कशाला आला होतास?

सुहास : पुढच्या महिन्यात वर्ष होतंय. त्याच्या आठवणीत मुंबईत कार्यक्रम करतोय, पण त्याच्या जागी उभं राहायला कुणी धजत नाही. तुम्ही याल?

राहीबाई : मी? मला गाता येत नाय रे.

सुहास : त्याला तरी कुठे येत होतं, काकू?

राहीबाई : मंग येते.