आबांच्या नावानं सोडलेले फुगे

स्पृहा : आजी, ओढू नकोस! सोड ती रिबीन!

इंदूबाई : सोडू कशी? वीतभर बाहेर हाय, बाकी सारी नरड्यात. पाह्य, कपिली गाय कशी लाळ गाळून राह्यली.

स्पृहा : डॉक्टर फोनवर काय म्हणाले? ओढली तर आतून घसा चिरेल. रजतदादा आर्णीहून निघालाय त्यांना घेऊन.

इंदूबाई : मंग तेल अन् बांबूची नळी तं आण. गाय फुगली का आमी तेलच पाजतो.

स्पृहा : तेल नाही, पाणीही नाही. फुफ्फुसात गेलं तर जागच्या जागी जाईल ती. तिच्या घशात फुगा अडकलाय, आजी.

इंदूबाई : कायचा फुगा?

स्पृहा : कालचा. आपण सोडलेला.

इंदूबाई : काहीबाही नको सांगू. आबाच्या वर्षश्राद्धाचे फुगे तं आभायात गेलते. साऱ्या गावानं पाह्यलं.

स्पृहा : गेले. पण तिथं राहत नाहीत ते. फुटतात, नाहीतर गॅस संपतो. मग पडतात खाली, कुठंही. हा आपल्याच शेताच्या धुऱ्यावर, बांधावर पडला. गवताबरोबर ओढला असेल हिनं.

इंदूबाई : तुले ठाव होतं हे?

स्पृहा : नव्हतं गं. यवतमाळच्या दुकानात नुसते रंग निवडले मी. पुढं त्यांचं काय होतं, डोक्यातच आलं नाही. वाटलं, आबांना पोचतील.

इंदूबाई : काल आपल्या आंधी हिचं पान वाढलं मी. पुरनाची पोयी चारली हातानं. हिची माय मेली तवा तुह्या आबानं बाटलीनं दूध पाजून जगवली हिले. त्याइच्या हातची हेच एक राह्यली घरात.

स्पृहा : माहितीये. म्हणून तर ओढू देत नाहीये तुला.

इंदूबाई : बरं. मान धर तिची. डावी कूस पाह्य, नगाऱ्यावानी तट्ट फुगली. कुठवर आला रजत?

स्पृहा : नाल्यापाशी होता मघाशी. आता फोन लागत नाहीये.

(कपिली पुढच्या गुडघ्यांवर येते.)

इंदूबाई : बसू देऊ नको! उठ व माय, उठ!

स्पृहा : नाही आवरत गं मला! आणि बाकीचे फुगे, आजी? एवढे सोडले आपण. कुणाकुणाच्या गुरांपुढं पडले असतील?

इंदूबाई : ते मंग साऱ्या गावाले सांगू. आता हिले धर. ह्या रिबिनीवर काय लेहलं हाय?

स्पृहा : आबांचं नाव. सगळ्यांवर लिहिलं होतं मी.

इंदूबाई : असं.

स्पृहा : आजी? अशी वर काय बघतेस?

इंदूबाई : वामनराव, आइका. जल्मात पयल्यांदा नाव घेऊन राह्यली तुमचं. पोरीनं फुगे धाडले होते तुमाले. कपिली नाही धाडली.