डावीकडून वाचलेली तसबीर

शरफुद्दीन मास्तर: तौबा! इराणच्या बादशहानं तुमच्या पणजोबाला हे चित्र दाढी केल्याच्या बदल्यात दिलं?

निवृत्ती: दाढी नव्हे मास्तर, मिश्या. दाढीला बेगमेनं हात लावू दिला नाही.

मास्तर: मागच्या वर्षी हत्तीच्या बदल्यात दिलं म्हणाला होतात.

निवृत्ती: हत्तीवर बसूनच मिश्या केल्या. ते जाऊ द्या. तुम्ही जन्मभर फारसी शिकवलीत, ही कडेची अक्षरं वाचा की.

मास्तर: आधी तुमची गोष्ट ऐकू.

निवृत्ती: सोपी आहे. डावीकडच्या पानावर म्हातारी राजाच्या घोड्याचा लगाम धरून भांडते. उजवीकडच्या पानावर तीच कपाळ टेकून पडलीय. मोठ्यांशी भांडलं, की शेवटी पाया पडावं लागतं. दुकानात येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवली.

मास्तर: फ्रेम तुमचीच?

निवृत्ती: अस्सल सागवान. का, पानं उलटी बसवली?

मास्तर: पानं बरोबर आहेत. वाचलंत उलटं. आमचं पुस्तक उजवीकडून उघडतं, मग चित्रही तिकडूनच सुरू होणार ना? राजाच्या ससाण्यानं म्हातारीची एकुलती कोंबडी मारली...

निवृत्ती: तो ससाणा? मी पोपट सांगतो.

मास्तर: ऐका तरी! ती आधी पाया पडली. राजा तसाच पुढं निघाला. मग उठली आणि लगाम धरला. इथं लिहिलंय, राजा शरमला आणि खाली उतरला. हा पाय बघा, रिकिबीच्या बाहेर.

निवृत्ती: मला ती चित्रकाराची चूक वाटायची... मास्तर, हळू. लंकाबाई येतेय.

मास्तर: ती कोण?

निवृत्ती: शाळेत आया होती. बहात्तर साली हेडबाईंचं घड्याळ गेलं, आळ हिच्यावर. वर पाठवायची तक्रार माझ्याकडूनच लिहून घेतली हिनं. कागद हातात दिला आणि माझी जीभ वळवळली, ही गोष्ट सांगितली. तिनं इथंच कागद फाडला. जाऊन पाया पडली, माफीनाम्यावर अंगठा दिला. त्याच अंगठ्यावर तिला काढून टाकलं.

मास्तर: आणि घड्याळ?

निवृत्ती: हेडबाईंच्या माहेरी निघालं, उशीखाली.

(लंकाबाई दुकानाची पायरी चढते.)

लंकाबाई: दादा, नातीचा फोटू झाला का? असं तोंड का झालंय तुमचं?

निवृत्ती: लंकाबाई, ती म्हातारी आधी पाया पडली होती गं. भांडली नंतर. मी तुला उलटं सांगितलं.

लंकाबाई: नवी थाप का ही?

मास्तर: नाही बाई. मी वाचलंय, तसंच लिहिलंय.

लंकाबाई: मंग? भांडली, तवा राजानं काय केलं?

मास्तर: घोड्यावरून उतरला.

लंकाबाई: उतरला!

निवृत्ती: तक्रार पुन्हा लिहू. आत्ता लिहून देतो, बस तू.

लंकाबाई: कुनाला धाडायची? हेडबाई तर वारल्या.

निवृत्ती: वरच्या ऑफिसला. अकरा वर्षं झाली म्हणून काय झालं?

लंकाबाई: ऑफिसला नको, दादा. लिहायचंच, तर माझ्या सुनेला लिहा. मी घरात असले, की ती अजून कपाटाला कुलूप लावती.